मत्सर एकाचा, संशय दुसऱ्याचा

इंग्रजी भाषा ज्या ठिकाणीं बहुधा एकाच शब्दावर काम भागविते त्या ठिकाणीं मराठी भाषेनें दोन-तीन शब्द निरनिराळे ठेवले आहेत. दुसऱ्याचें बरें झालेलें ज्याला पाहवत नाहीं तो हेवा करतो. तें बरें मोडून टाकल्याशिवाय ज्याला झोंप येत नाहीं तो मत्सरी. आणि जें आपलें आहे तें आपलें राहिलें नाहीं या भीतीनें ज्याचें काळीज पोखरून निघतें तो संशयी. शेक्सपीअरचें ‘ऑथेल्लो’ हें मत्सराचें नाटक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मत्सरी पुरुष म्हटला कीं त्यांतील मूर सेनापतीचेंच नांव लोकांच्या तोंडीं येतें. परंतु मराठी श्रोत्यानें आपल्या भाषेंतील हा भेद मनांत धरून तें नाटक पाहिलें, तर त्याला निराळेंच कांहीं दिसूं लागेल. त्यांत मत्सरी आहे तो इयागो. ऑथेल्लो संशयी आहे, आणि तोहि जन्माचा नव्हे. एकाच्या मनांतला मत्सर दुसऱ्याच्या मनांत नेऊन ओतला म्हणजे त्याचा संशय कसा होतो, आणि तो ओतण्याचें साधन विश्वास हेंच कसें असतें, ही या शोकान्तिकेची खरी कथा आहे.

कथानक बहुतेकांच्या परिचयाचें आहे. तरी थोडक्यांत सांगावयास हरकत नाहीं. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या चाकरींत असलेला ऑथेल्लो हा कृष्णवर्णी परदेशी सेनापति तेथील एका वजनदार सभासदाची कन्या डेस्डेमोना हिच्याशीं गुप्तपणें विवाह करतो. तुर्कांच्या स्वारीमुळें त्याला सायप्रस बेटावर जावें लागतें. पत्नीहि तेथें जाते. तेथें त्याचा निशाणदार इयागो हा, डेस्डेमोनेचें कॅसिओ नांवाच्या तरुण दुय्यम सेनाधिकाऱ्याशीं सूत आहे असें त्याच्या मनांत भरवितो, आणि अखेर त्याच्याच हातून तिचा खून घडवून आणतो. हें नाटक १६०३-०४ च्या सुमारास लिहिलें गेलें असावें. १ नोव्हेंबर १६०४ रोजीं लंडन येथें पहिल्या जेम्स राजापुढें त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. छापलें गेलें तें १६२२ सालीं, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं.

मूळ गोष्ट शेक्सपीअरची नव्हे. जिराल्दी चिंथिओ नांवाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ सालीं छापलेल्या कथासंग्रहांत ती आहे. त्या कथेंत निशाणदार स्वतःच नायिकेवर लुब्ध झालेला असतो, आणि ती दाद देत नाहीं म्हणून सूड घेतो. रुमालहि तो स्वतःच चोरतो. आपली लहान मुलगी नायिकेच्या मांडीवर देऊन, ती मुलीशीं खेळण्यांत गुंतली असतां. त्याच्या बायकोला सारें कारस्थान ठाऊक असतें, पण नवऱ्याच्या भयानें ती तोंड उघडीत नाहीं. शेक्सपीअरनें या तीनहि गोष्टी बदलल्या, आणि त्याच्या नाटकाचें मर्म या तीन फरकांतच सांपडतें.

पहिला फरक इयागोच्या हेतूचा. चिंथिओनें दिलेलें सरळ कारण काढून टाकल्यावर शेक्सपीअरनें त्या जागीं एक कारण न ठेवतां तीन-चार ठेवलीं. आपणांस डावलून कॅसिओला बढती मिळाली, हें एक. आपल्या बायकोशीं सेनापतीचा संबंध असल्याची लोकांत कुजबुज आहे, हें दुसरें. आणि तें खरें कीं खोटें हें ठाऊक नसलें तरी आपण तें खरें धरून चालणार, असें तो स्वतःशींच कबूल करतो. पुढें कॅसिओवरहि तोच आळ घेतो. इतकीं कारणें ज्याला लागतात त्याला एकहि पुरेसें वाटत नाहीं हें उघड आहे. कोलरिज या इंग्रज कवीनें इयागोच्या या स्वगतांविषयीं म्हटलें कीं, हा निष्कारण दुष्टावा स्वतःसाठीं कारणें धुंडाळीत फिरतो आहे. तें मत पुष्कळांनीं मान्य केलें आहे. तथापि त्यांत एक गोष्ट निसटते. ‘माझी बायको दुसऱ्याची झाली असेल’ हा विचार नाटकांत प्रथम येतो तो इयागोच्या मनांत. तो विचार कसा चावतो याचा अनुभव त्याला आहे. पुढें तो ऑथेल्लोला जें विष देतो तें त्यानें आधीं स्वतः चाखलेलें आहे, आणि म्हणूनच त्याची मात्रा कधीं चुकत नाहीं.

हें विष ऑथेल्लोच्या गळीं उतरलें कसें? तो मूर्ख नाहीं. किंबहुना पहिल्या अंकांत त्याच्याइतका शांत चित्ताचा माणूस दुसरा दिसत नाहीं. हा पहिला अंक प्रयोगांत कापण्याचा मोह अनेकांस होतो. व्हेर्दीच्या १८८७ सालच्या संगीतिकेंत तर तो सबंधच गाळला आहे. संगीताच्या सोयीसाठीं तें ठीक असेल, पण नाटकाचें त्यांत मोठें नुकसान होतें. कारण त्या अंकांत एक न्यायसभा आहे. मध्यरात्रीची वेळ, तुर्कांचें आरमार चाल करून येत असल्याच्या बातम्या येत आहेत, आणि अशा घाईंत डेस्डेमोनेचा बाप ब्रॅबॅन्शिओ सभेंत येऊन, या मुरानें जादूटोणा करून आपली मुलगी पळविली, अशी फिर्याद करतो. राज्य संकटांत असतांहि ड्यूक ती ऐकून घेतो. त्यावर ऑथेल्लो एकच मागणें करतो: तिला बोलवा, बापासमक्ष तिलाच विचारा, तिनें मला दोषी म्हटलें तर माझा प्राण घ्या. ती येते, निर्भयपणें बोलते, आणि खटला निकालांत निघतो. तिला आणावयास जाणाऱ्या माणसांना वाट दाखविण्याचें काम ऑथेल्लो ज्याच्यावर सोंपवितो तो इयागोच असतो. स्वतःवर आरोप आला तेव्हां जो पुरुष पत्नीची साक्ष मागतो, तोच पत्नीवर आरोप आला तेव्हां तिला आरोप काय आहे हेंहि अखेरच्या घटकेपर्यंत नीट सांगत नाहीं.

सायप्रसमध्यें अशी सभा नाहीं. वादळानें तुर्कांचें आरमार बुडालें, युद्ध संपलें, आणि बेटावर ऑथेल्लोच्या वर कोणी उरला नाहीं. तेथें त्याच्यापुढें आलेलें पहिलेंच प्रकरण पाहण्यासारखें आहे. इयागो कॅसिओला दारू पाजून त्याच्याकडून दंगा करवितो. ऑथेल्लो झोंपेंतून उठून येतो व चौकशी करतो. कॅसिओ शरमेनें बोलूं शकत नाहीं. जो जखमी झाला आहे तो म्हणतो, इयागोला विचारा. इयागो मोठ्या अनिच्छेनें, मित्राला सांवरून घेतल्यासारखें दाखवीत, सर्व सांगतो. आणि ऑथेल्लो त्या एका साक्षीवर कॅसिओला कामावरून दूर करतो. साक्षीदार इतका भला कीं तो आरोपीचा अपराध कमी करून सांगतो आहे, असें त्याला वाटतें. पुढें डेस्डेमोनेच्या बाबतींत जें घडतें त्याची ही रंगीत तालीमच आहे. ‘प्रामाणिक’ या अर्थाचा शब्द या नाटकांत पन्नासाहून अधिक वेळां येतो, आणि पुष्कळदां तो इयागोच्या नांवाला जोडून येतो. ऑथेल्लो त्याला प्रामाणिक म्हणतो, कॅसिओ म्हणतो, डेस्डेमोनेलाहि तसेंच वाटतें. तेव्हां फसला तो एकटा ऑथेल्लो नव्हे. एका छावणीची छावणीच एका माणसाच्या सचोटीवर उभी होती.

तिसऱ्या अंकांतील तो प्रसिद्ध लांबलचक प्रवेश या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. इयागो तेथें प्रथम कांहींच सांगत नाहीं. कॅसिओ डेस्डेमोनेपाशीं रदबदलीसाठीं आलेला असतो, तो ऑथेल्लोला पाहून निघून जातो. इयागो नुसता हुंकार देऊन आपणांस हें आवडलें नाहीं असें पुटपुटतो. मग तो एक साधा प्रश्न विचारतो. ऑथेल्लो उत्तर देतो, तें उत्तर इयागो पुन्हां उच्चारतो, आणि थांबतो. ऑथेल्लो पुन्हां विचारतो. इयागो त्याचाच शब्द परत करतो. सेनापतीच्या मनांत भय उत्पन्न होतें तें या थांबण्यानें. दुसरा कोणी असा अडखळता तर ती लबाडी वाटली असती. पण हा माणूस तर प्रामाणिक, शब्द तोलून बोलणारा. तो ज्या अर्थीं बोलत नाहीं त्या अर्थीं बोलण्यासारखें कांहीं भयंकर असलें पाहिजे! ऑथेल्लोच्या विश्वासांतूनच अशा रीतीनें त्याचा संशय निघतो. त्यानंतर इयागो मालकाला संशयापासून जपण्याचा उपदेशहि करतो. तो उपदेश ज्यानें शांतपणें ऐकला त्याला संशय आलाच म्हणून समजावें.

मग तो घाव घालतो तो परकेपणावर. तुम्हांला व्हेनिसच्या स्त्रियांच्या चाली ठाऊक नाहींत. तिनें बापाला फसविलें. तिनें आपल्या देशाचे, आपल्या वर्णाचे वर सोडले, यांतच कांहीं विपरीत नाहीं काय? शेवटचें वाक्य सर्वांत क्रूर आहे, कारण त्यांत तिचें प्रेम हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. ब्रॅबॅन्शिओ सभा सोडतांना म्हणाला होता कीं, जी बापाला फसविते ती नवऱ्यालाहि फसवील. तेव्हां ऑथेल्लोनें तिच्या निष्ठेवर आपला प्राण पैजेस लावला होता. आतां तेंच बापाचें वाक्य इयागोच्या तोंडून ऐकतांना तो मान डोलावतो. व्हेनिसनें त्याला सेनापति केलें, जेवावयास बोलाविलें, त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी कौतुकानें ऐकल्या. पण आपण येथले नाहीं हा कांटा त्याच्या मनांतून कधींच गेला नव्हता. इयागोला तो नव्यानें रोवावा लागला नाहीं. बोटानें दाबला म्हणजे पुरें झालें.

आतां रुमाल. १६९३ सालीं टॉमस रायमर या टीकाकारानें या नाटकाची भरपूर टर उडविली, आणि एवढ्याशा रुमालावरून एवढा अनर्थ, मग नाटकाला रुमालाचेंच नांव कां दिलें नाहीं, असा सवाल केला. रायमरची थट्टा गाजली. पण तो रुमाल पडला कसा इकडे त्यानें नीट पाहिलें नाहीं. ऑथेल्लो कपाळ दुखतें म्हणतो. डेस्डेमोना आपला रुमाल काढून त्याच्या कपाळाला बांधूं लागते. तो म्हणतो, हा फारच लहान आहे. आणि रुमाल खालीं पडतो. तो उचलूं नकोस असेंहि तोच सांगतो, व दोघेंहि निघून जातात. म्हणजे पुढें ज्या रुमालासाठीं तो पत्नीचा जीव घेणार तो त्यानेंच झिडकारलेला असतो, तिच्या प्रेमाच्या एका साध्या कृतीच्या वेळीं. डोळ्यांना दिसेल असा पुरावा आण, म्हणून इयागोचा गळा धरणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांपुढेंच हें घडलें होतें. परंतु पुढें तो एकदांहि आठवण करीत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, डेस्डेमोनेला भिवविण्यासाठीं तो सांगतो कीं, हा रुमाल एका मिसरी जादूगारणीनें माझ्या आईला दिला. आणि शेवटच्या अंकांत सांगतो कीं, माझ्या बापानें आईला दिला. कोणती हकीकत खरी यावर विद्वान् वाद घालतात. ज्या वस्तूचा इतिहास मालकालाच दोनदां सारखा सांगतां येत नाहीं, त्या वस्तूला त्यानें न्यायासनापुढील साक्षीदार केलें, एवढें येथें पुरे.

महाराष्ट्रांत हें नाटक फार पूर्वीं आलें. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांचें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘झुंझारराव’ या नांवानें त्याला मराठी रूप दिलें. गणपतराव जोशी यांनीं रंगभूमीवर उभा केलेला झुंझारराव पुढच्या पिढ्यांना केवळ ऐकून माहीत झाला. परंतु विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्या देवलांनीं झुंझाररावाच्या हातून कमळजेचा घात करविला, त्यांनींच तीन वर्षांनीं, १८९३ सालीं, ‘फाल्गुनराव’ लिहिलें. त्याचेंच पुढें १९१६ सालीं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालें. त्याचें मूळ मर्फीच्या इंग्रजी प्रहसनांत आणि त्याच्याहि मागें मोलिएरमध्यें आहे. तेथेंहि एक वस्तु वाटेंत पडते. रुमाल नव्हे, अश्विनशेटाची तसबीर. ती कृत्तिकेच्या हातीं लागते, फाल्गुनराव ती तिच्या हातांत पाहतो, आणि दोन घरांत आग लागते. संशयाची जात तीच, वस्तु तितकीच क्षुल्लक, नवरा तितकाच हट्टी. तरीहि प्रेक्षक पोट धरधरून हंसतो. याचें कारण फाल्गुनरावाला कोणी इयागो भेटलेला नाहीं. त्याचा संशय स्वतःचा, घरगुती आहे. तो मोठ्यानें ओरडतो, जाब विचारतो, लोकांच्या घरीं जाऊन भांडतो, आणि या भांडणांतूनच अखेरीस सर्व माणसें एकमेकांसमोर येऊन तसबीर कोणाची, कोठें पडली, याचा उलगडा होतो.

‘ऑथेल्लो’मध्यें हा प्रश्न विचारला जात नाहीं असें नाहीं. तो विचारला जातो. हा रुमाल तुझ्याकडे कसा आला, असें ऑथेल्लो कॅसिओला विचारतो. आणि कॅसिओ सांगतो कीं, माझ्या खोलींत पडलेला मला सांपडला. एवढेंच. प्रश्नहि लहान, उत्तरहि लहान. पण त्या वेळीं डेस्डेमोना शेजारच्या शय्येवर मरून पडलेली असते.

शेक्सपीअरनें केलेला तिसरा फरक आतां पाहावयाचा, आणि तो सर्वांत मोठा आहे. चिंथिओच्या निशाणदाराची बायको सर्व जाणून गप्प राहते. शेक्सपीअरच्या एमिलियेला सर्व ठाऊक नाहीं. पण थोडें ठाऊक आहे. पडलेला रुमाल ती उचलते. नवऱ्यानें तो चोरून आण म्हणून शंभरदां सांगितलेलें असतें, कशासाठीं तें तिला ठाऊक नसतें. ती त्याची नक्कल काढून घेण्याच्या विचारांत असतां इयागो तो हिसकून घेतो. नंतर डेस्डेमोना तिलाच विचारते, माझा रुमाल कोठें गेला असेल? एमिलिया म्हणते, मला ठाऊक नाहीं. लगेच ऑथेल्लो येतो, रुमाल दाखव म्हणून संतापानें थरथरतो, आणि एमिलिया तेथेंच उभी राहून सर्व पाहत असते. एका वाक्यानें सर्व थांबलें असतें. तें वाक्य ती बोलत नाहीं. नवरा गेल्यावर पुरुषजातीला चार शब्द ती ऐकविते, पण रुमालाविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. इयागोचा विश्वासघात जाणूनबुजून केलेला. एमिलियेचा विश्वासघात नवऱ्याची मर्जी राखण्याच्या संवयींतून झालेला. रंगभूमीवर पहिला अधिक चमकतो, म्हणून टीकाकारांचें लक्ष तिकडेच जातें. परंतु संसारांत घडणारे विश्वासघात बहुतांशीं दुसऱ्या प्रकारचे असतात. ते करणाराला त्या वेळीं ठाऊकहि नसतें.

म्हणूनच शेवटच्या प्रवेशांत एमिलिया जें करते त्याला इतकें वजन आहे. खून झाल्यानंतर ती खोलींत येते. डेस्डेमोना शेवटच्या श्वासांत नवऱ्याला वांचविण्यासाठीं, हें माझें मीच केलें, असें सांगून मरते. ऑथेल्लो एमिलियेला सांगतो कीं, तुझ्या नवऱ्यालाच सर्व ठाऊक आहे. ती विचारते, माझा नवरा? तो पुन्हां सांगतो. ती पुन्हां तेंच विचारते, आणि पुन्हां एकदां. ऑथेल्लो चिडतो. त्याला वाटतें तिला ऐकूं येत नाहीं. पण त्या तीन वेळच्या एकाच प्रश्नांत एका बाईचें आयुष्य उलटें फिरत असतें. त्या वेळींच आपणांस शंका आली होती, असें थोड्या वेळानें तिच्या तोंडून निघून जातें. मग रुमालाचें नांव निघतें, आणि ती बोलूं लागते. इयागो गप्प बस म्हणतो, घरीं जा म्हणतो, तलवार उपसतो. नवऱ्याची आज्ञा मानणें योग्य, पण या घटकेस नव्हे, असें सांगून ती सर्वांसमक्ष हकीकत पुरी करते. इयागो तिला मागून भोंसकतो व पळतो.

याच ठिकाणीं नाटकांतले दोन साक्षीदार आपापल्या जागा बदलतात. जी गप्प होती ती मरेपर्यंत बोलते. ज्याच्या बोलण्यानें सर्व झालें त्याला धरून आणल्यावर, हें कां केलेंस, असें ऑथेल्लो विचारतो, तेव्हां तो म्हणतो कीं मला कांहीं विचारूं नका. यापुढें मी एक शब्द बोलणार नाहीं. त्याचे हाल करण्याची धमकी दिली जाते. तरी तो बोलत नाहीं, आणि प्रेक्षकालाहि त्याचें कारण शेवटपर्यंत कळत नाहीं. ऑथेल्लो स्वतःचा न्याय स्वतःच करतो, आणि पत्नीच्या अंगावर कोसळून प्राण सोडतो. व्हेनिसहून आलेला लोडोव्हिको त्या शय्येवर पडदा ओढावयास सांगतो.

एमिलियेनें मरतांना एवढेंच मागितलेलें असतें कीं, मला माझ्या मालकिणीच्या शेजारीं ठेवा. तिला तेथें नेलें किंवा नाहीं याविषयीं छापील नाटकांत कांहींच सूचना नाहीं. पडद्याआड दोन देह ठेवावयाचे कीं तीन, हें प्रत्येक नाटकमंडळीनें आपल्या मनाशीं ठरवावयाचें आहे.